शांत, हवेशीर आणि स्वतंत्र जागा

मोडेमवर चार हिरवे दिवे होते. पहिला विजेचा, दुसरा लाइनचा, तिसरा इंटरनेटचा आणि चौथा संगणकाचा. पहिला आणि चौथा शहाण्यासारखे लागून असत. दुसरा अधूनमधून दोनदा लुकलुकायचा, आणि तो लुकलुकला की तिसरा विझायचा. आधी तिसरा आणि मग दुसरा असं कधी झालं नाही. दुसरा तीनदा लुकलुकला असंही कधी झालं नाही. आशाबाईंनी हे नीट पाहून ठेवलं होतं. त्या रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या, आणि कुठलीही गोष्ट उगीच विझत नसते यावर त्यांची श्रद्धा होती. आजूबाजूच्या माणसांची श्रद्धा इतर गोष्टींवर होती. त्या यथावकाश येतीलच.

सन दोन हजार आठमधली ही गोष्ट. आशाबाई भोकरदनच्या एका खाजगी शाळेत शिक्षिका होत्या. शाळेने त्यांना विज्ञानासाठी म्हणून घेतलं आणि शिकवायला कार्यानुभव दिला. त्यामुळे अणूची रचना समजावून सांगण्याची ज्यांची मनापासून इच्छा होती, त्या बाई गेली कित्येक वर्षं मुलींना क्रेप कागदाचे गुलाब करायला शिकवत होत्या. विज्ञान हा विषय संस्थाचालकांच्या साडूंकडे होता. साडू इतिहासाचे पदवीधर होते. त्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप कधी काढलंच नव्हतं, त्यामुळे प्रयोगशाळेतली एकही परीक्षानळी फुटलेली नव्हती, आणि दरवर्षीच्या अहवालात त्याबद्दल त्यांचं कौतुक छापून येई.

यंदा साडू निवृत्त होणार होते. मुख्याध्यापकांनी आशाबाईंना बोलावून सांगितलं, "बाई, जूनपर्यंत विज्ञान अध्यापनाची पदविका आणा. नववी-दहावीचं विज्ञान तुमचं." पदविका आली नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. संस्थाचालकांना आणखी एक साडू होता.

पुण्याची एक संस्था ही पदविका घरबसल्या देत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता इंटरनेटवर वर्ग भरायचा. कानाला हेडफोन, तोंडापाशी माइक, सर पुण्यात आणि विद्यार्थी महाराष्ट्रभर. प्रवेशाबरोबर एक माहितीपत्रक आलं: 'ऑनलाइन वर्गात यशस्वी होण्यासाठी पूर्वतयारी'. त्यातली पहिली सूचना अशी होती: 'घरातील एक शांत, हवेशीर आणि स्वतंत्र जागा अभ्यासासाठी निश्चित करावी.'

आशाबाईंच्या घरात अशी जागा होती. समोरची खोली. पूर्वेला खिडकी, डोक्यावर नवा पंखा, आतून कडी लागणारं दार, आणि फोनची मूळ जोडणीही तिथेच. मुलगी औरंगाबादला होस्टेलवर गेल्यापासून ती खोली रिकामी व्हायला हवी होती. तिच्यात एकच दोष होता. तिच्यात भुजंगमामा होते.

भुजंगमामा हे त्रिंबकरावांचे, म्हणजे आशाबाईंच्या यजमानांचे, सख्खे मामा. गाव अंबड तालुक्यातलं. पावसाळ्यात अंगारकी आली तेव्हा ते राजूरच्या गणपतीला म्हणून आले. भोकरदनहून राजूर जवळ, काळी-पिवळी जीप दारातून मिळते, तेव्हा भाच्याकडे मुक्काम करणं योग्यच होतं. दर्शन झालं. मामा म्हणाले, "आलोच हाय तर पुढची संकष्टी करून जातो." संकष्टी झाली. मग ध्यानात आलं की मधे विनायकी येते, आणि दारावरून गणपतीची गाडी जात असताना विनायकी सोडून जाणं बरं दिसत नाही. विनायकी झाली की संकष्टी आलेलीच असायची. पंचांगाची रचनाच अशी आहे की त्यात चतुर्थी झाली नाही असा पंधरवडा सापडत नाही, आणि मामा जे काही म्हणत ते पंचांगाला धरूनच म्हणत. "चतुर्थी झाली की निघतो," हे त्यांचं वाक्य खोटं आहे असं कुणालाही म्हणता येत नव्हतं.

त्रिंबकराव बाजार समितीत नोकरीला होते. मोठमोठ्या अडत्यांशी ते तावातावाने बोलत. पत्रक वाचून ते उठले आणि म्हणाले, "हे बघ, मी बोलतो मामांशी. त्यात काय एवढं? घरचा माणूस हाय."

ते समोरच्या खोलीत गेले. आतून बराच वेळ हसण्याचे आवाज आले. मग ते बाहेर आले.

"काय म्हणाले मामा?"

"त्यांची गादी दबलीये म्हणत्येत. पाठ धरती. पिंजाऱ्याला बोलवावं लागंल."

"आणि खोलीचं?"

"आता पाठ धरलेल्या माणसाला एकदम कसं बोलावं, तूच सांग."

आशाबाई कमी बोलत. वाक्य मनात पूर्ण जुळवायचं, तपासायचं आणि मग बोलायचं अशी त्यांची सवय होती, आणि तोवर घरातला विषय बदललेला असे. मामांना सांगायचं वाक्यही त्यांच्या मनात अंगारकीपासून तयार होतं. पण नवऱ्याच्या मामाला सुनेने असं काही सांगितल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, आणि आपण त्याची सुरुवात करावी असं त्यांना वाटत नव्हतं.

तेव्हा संगणक स्वयंपाकघरात गेला. पिठाचा डबा आणि मिक्सर यांच्यामधे. गावात झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या रामकिसनने जोडणी करून दिली. समोरच्या खोलीतल्या फोनपासून मोडेमपर्यंत वेगळी वायर ओढली आणि मामांच्या फोनला एक छोटी पांढरी डबी लावली.

"वहिनी, ही डबी फोन अन् भिंतीच्या मधी राहू द्या. काढायची न्हाई बिलकुल. न्हाई तर फोन उचलला की नेट जाईल," असं तो म्हणाला, पण तो हे समोरच्या खोलीत उभा राहून म्हणाला आणि आशाबाई तेव्हा स्वयंपाकघरात पिठाचा डबा हलवत होत्या. ऐकलं ते मामांनी. त्यांनी मान डोलावली. मामा प्रत्येकाच्या बोलण्याला मान डोलावत.

संगणक घरात आला म्हणजे त्याची पूजा होणं आलं. शेजारच्या केशरबाईंनी पुढाकार घेऊन हळदीकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू कीबोर्डाच्या फटीत गेलं आणि 'क' हे अक्षर कायमचं चिकटलं. पहिल्या निबंधात आशाबाईंना 'क' नसलेले शब्द शोधावे लागले. 'शिक्षक' हा शब्द टाळून शिक्षणशास्त्रावर निबंध लिहिणं किती अवघड आहे, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. रामकिसनने नंतर बटण उपटून साफ केलं. तोवर निबंध गेलेला होता आणि सरांनी शेरा दिला होता, 'भाषा अनावश्यक अलंकारिक.'

पहिला वर्ग मंगळवारी होता. आशाबाई इस्त्रीची साडी नेसून पिठाच्या डब्याशेजारी बसल्या. पत्रकातली एक सूचना 'वर्गासाठी नीटनेटका पोशाख करावा' अशी होती, आणि आपण कुणाला दिसणार नाही हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही. सात वाजता सरांचा आवाज आला. सरांनी एकेकाला आपली ओळख करून द्यायला सांगितलं. सांगलीचे बोलले, अकोल्याच्या बोलल्या. "आता भोकरदन. आशाताई, बोला."

आशाबाईंनी माइक सुरू केला. त्याच क्षणी मागे कुकरची शिट्टी झाली.

"अरे वा," सर म्हणाले. "भोकरदनला रेल्वे आली वाटतं?"

महाराष्ट्रभरातले विद्यार्थी हसले. भोकरदनला रेल्वे नाही, हे नम्रपणे सांगून मग ओळख करून द्यावी असं आशाबाईंनी मनात जुळवलं. त्यांनी तोंड उघडलं. दुसरा दिवा दोनदा लुकलुकला. तिसरा विझला.

शुक्रवारी तेच झालं, कुकर वगळून. त्यानंतरच्या मंगळवारी तर त्यांनी फक्त "सर, मी" एवढंच म्हटलं होतं. पुण्याच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'तोंडी सहभाग: नाही' असं जमायला लागलं. एकदा तरी वर्गात बोलून दाखवल्याशिवाय पदविका मिळत नव्हती.

भोकरदनमध्ये कुणाच्या घरी काही बिघडलं की ते त्या घरापुरतं राहत नाही. केशरबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण नजर हाय ही. मास्तरीणबाई असून कॉलेजात चालल्या म्हणल्यावर लोकाच्या पोटात दुखनारच की. त्या दिव्याच्या डबीला लिंबू-मिरची बांधा."

"केशरबाई, ते विजेचं यंत्र आहे."

"मंग काय झालं? आमच्या ट्रॅक्टरला बांधली हाय. ते काय बैलावर चालतं का?"

मोडेमला लिंबू-मिरची लागली. टेलिफोनवाल्या माणसाने येऊन खांबावर पाहिलं आणि उन्हाने वायर फुगते असं सांगितलं, हे हिवाळ्यात. रामकिसन म्हणाला, "व्हायरस असंल. फॉरमॅट मारतो सगळं." त्याने सगळं फॉरमॅट मारलं. आशाबाईंनी उतरवून ठेवलेले पाठ त्यात गेले. व्हायरस होता की नाही हे कळलं नाही, कारण असला तर तोही गेला होता.

भुजंगमामांचंही मत होतं. जेवताना भाकरी कुस्करत ते म्हणाले, "सूनबाई, मी सांगू का? तू लई हळू बोलती. त्या नेटला ऐकूच जात न्हाई. मी बघ फोनवर कसा बोलून राह्यलो. अंबडला ऐकू जातं, बराबर!"

"फोन नसला तरी जाईल, मामा," त्रिंबकराव म्हणाले, आणि लगेच घाबरून त्यांना आणखी तूप वाढलं.

संगणक मग जिन्याखाली गेला. ती जागा स्वतंत्र होती, आणि तिथे उभं राहता येत नसल्यामुळे बरीचशी शांतही होती. हवेशीर नव्हती. तिथे वर्ग चालू असताना भारनियमन सुरू झालं तेव्हा इन्व्हर्टर आणला. इन्व्हर्टरवर संगणक चालायचा, पण समोरच्या खोलीतला टीव्हीही चालायचा, आणि मामांची मालिका बरोबर सात वाजता होती. दोघांत बॅटरी अर्ध्या वर्गात संपायची. मामांना हे सांगितल्यावर ते फार हळहळले आणि म्हणाले, "मंग मोठी बॅटरी घ्यायची की. अशा कामात खर्च्याला भ्यायचं न्हाई."

या सुमारास त्रिंबकरावांनी मामांच्या मुलाला, पुंजारामला, बाहेरच्या बूथवरून फोन केला. आडवळणाने विचारलं, मामांना घरची आठवण येत असेल, न्यायला कधी येतोस? पुंजाराम म्हणाला, "दादा, आबांची खोली सोयाबीननं भरून ठेवलीये. भाव जरा चढू द्या, मंग मोकळी करतो. तवर राहू द्या की तुमच्याकडं, तिकडची हवा मानवली म्हणत्येत त्यान्ला."

अशा रीतीने आशाबाईंची पदविका सोयाबीनच्या भावावर जाऊन थांबली. त्रिंबकराव आता रोज बाजार समितीतून आल्यावर बूट काढायच्या आत भाव सांगत.

केशरबाईंनी शेवटी उपाय सुचवला. "पाव्हणा 'जा' म्हणून जात न्हाई, ताई. तुम्हीच निघायचं. 'आम्ही जालन्याला चार दिवस चाललो, घराला कुलूप लावतो' म्हणा. मंग बसंल का तो?"

बेत चांगला होता. शनिवारी सकाळी पिशव्या भरून दोघं समोरच्या खोलीत जाऊन उभे राहिले. त्रिंबकरावांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मामांचे डोळे भरून आले.

"जा, बिनघोर जा," ते म्हणाले. "घराला कुलूप कामून लावायचं? मी हाय ना! नुसते राबून राह्यले तुम्ही दोघं. चार दिवस काय, आठ दिवस ऱ्हा."

आता जाणं भाग होतं. पिशव्या हातात होत्या. आशाबाईंच्या बहिणीने हसून दार उघडलं, चहा दिला, आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "राहणार आहात ना दोन-तीन दिवस?" त्या सहजपणात किती काळजीपूर्वक कमावलेली कला आहे, हे आशाबाईंना लगेच ओळखू आलं. त्या स्वतः ती पावसाळ्यापासून वापरत होत्या. रविवारी पहिल्या गाडीने ते परत आले.

समोरच्या खोलीत मामांशिवाय आणखी दोघे होते. मामांच्या गावचे सांडू आणि रामराव, राजूरला आलेले.

"घर मोकळंच हुतं," मामा म्हणाले, "मंग म्हणलं, या. जागा लई ऐसपैस हाय."

सांडू आणि रामराव मात्र चतुर्थी झाल्यावर खरंच गेले. चतुर्थी झाल्यावर माणसं जातात, हे त्या घराने त्या वेळी प्रथम पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी आशाबाईंनी पदर खोचला. नजर, ऊन आणि व्हायरस हे तिन्ही सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवले आणि प्रयोग मांडला. स्वतः मोडेमसमोर बसल्या आणि यजमानांना घरभर पाठवलं. पंखा लावा. बंद करा. मिक्सर लावा. बंद करा. मोटर सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. त्रिंबकराव ओरडून "लावला!" म्हणत आणि आशाबाई "फरक नाही!" म्हणत. केशरबाई भिंतीवरून बघत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "त्यांचं कॉलेज चालू हाय" असं सांगत होत्या.

सगळं तपासून झालं. दिवे शांत होते. त्रिंबकराव घाम पुसत जिन्यावर बसले. कुणीही काहीही केलेलं नसताना दुसरा दिवा दोनदा लुकलुकला, तिसरा विझला, आणि समोरच्या खोलीतून आवाज आला, "हालोऽ! कोन, पुंजाराम का?"

आशाबाई उठल्या. समोरच्या खोलीत मामा गादीवर आडवे होते आणि फोन त्यांच्या उशीवर होता. फोनची वायर सरळ भिंतीत गेलेली होती. पांढरी डबी मधे नव्हती. ती कोनाड्यात गणपतीच्या तसबिरीपुढे होती आणि तिच्या भोकात दोन उदबत्त्या खोचलेल्या होत्या.

"ती डबी मधी असली की फोन उशीपोत्तर येत न्हाई," मामांनी फोन ठेवल्यावर समजावून सांगितलं. "वायर आखूड पडती. म्हणून काढली. अन् बघ, उदबत्त्या कशा बराबर बसल्या! तिरप्या ऱ्हात्यात, राख खाली पडत न्हाई."

आशाबाईंना त्या क्षणी राग आला नाही. त्यांना शोध लागल्याचा आनंद झाला, आणि तो इतका शुद्ध होता की त्या मामांकडे बघून हसल्या. मामाही हसले. डबी पुसून परत लावली. फोन उशीपासून हातभर लांब राहिला. मामांनी मान डोलावली.

मंगळवारी डबी पुन्हा कोनाड्यात होती. "अगं, हात आपोआप जातो," मामा म्हणाले.

म्हणजे कारण सापडलं होतं आणि ते कुणी दूर करू शकत नव्हतं. लांब वायर आणली तर मामांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला. टीव्ही, बॅटरी, डबी, सगळ्या वाटा समोरच्या खोलीत जाऊन थांबत होत्या. माघ संपला. सोयाबीन विकलं गेलं. एका दुपारी फोन वाजला आणि तो आशाबाईंनी उचलला. पुंजाराम म्हणाला, "वहिनी, खोली झाडून घेतली. आबांना सांगा, या म्हणावं आता. नातू लई वाट बघून राह्यलाय."

आशाबाईंनी निरोप जसाच्या तसा दिला. मामा समाधानाने म्हणाले, "चांगलं झालं. त्याला सांग, एवढी चतुर्थी झाली की निघतो."

"अहो," त्या रात्री जेवताना आशाबाई म्हणाल्या, "आता तरी तुम्ही बोला."

"बोलतो ना," त्रिंबकराव म्हणाले. "चतुर्थी होऊन जाऊ दे."

मग पुण्याहून सरांचा निरोप आला. येत्या शुक्रवारी शेवटचा वर्ग, विषय वर्गनियंत्रण. आशाताईंचा तोंडी सहभाग अजून नोंदलेला नाही. त्या दिवशी बोलल्या तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश. पुढच्या वर्षी साडूंचे साडू विज्ञान शिकवत असणार होते, आणि आशाबाई क्रेप कागदाचे गुलाब.

त्रिंबकरावांनी दिनदर्शिका भिंतीवरून काढून आणली आणि त्यांचा चेहरा उजळला. "शुक्रवारी चतुर्थीच हाय! चंद्रोदय साडेनऊचा. मामा राजूरला चंद्र बघितल्याशिवाय उपास सोडत न्हाईत. नऊ-साडेनऊपर्यंत खोली मोकळी!"

शुक्रवारी मामा जीपमधे बसून गेले आणि घरात युद्धाची तयारी सुरू झाली. रामकिसनने संगणक समोरच्या खोलीत आणला. डबी कोनाड्यातून काढून, राख झटकून, फोन आणि भिंतीच्या मधे बसवली. टीव्हीची पिन काढून ठेवली. कुकर लावायचा नाही असं ठरलं. त्रिंबकराव चिवड्यावर राहायला तयार झाले. केशरबाईंनी त्यांच्या घरचं दळण दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि खबरदारी म्हणून लिंबू-मिरची बदलून दिली. आशाबाई इस्त्रीची साडी नेसून टेबलापुढे बसल्या. पूर्वेच्या खिडकीतून वारा येत होता. शांत, हवेशीर आणि स्वतंत्र. पत्रक लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्यांना पहिल्यांदा नीट कळलं. या खोलीत बसून माणूस खरंच शिकू शकतो.

सात वाजले. चारही दिवे लागले होते. सरांचा आवाज इतका स्पष्ट आला की त्यांना पुण्यात सरांच्या मागे वाजणारी सायकलची घंटासुद्धा ऐकू आली.

"आज मी प्रत्येकाला एक प्रसंग देणार आहे," सर म्हणाले. "उत्तर पुस्तकातलं नको. वर्गात उभं राहून प्रत्यक्ष बोलाल तसं बोलायचं." सांगलीचे बोलले. अकोल्याच्या बोलल्या. आशाबाई मनात वाक्यं जुळवत होत्या.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. फाटकाची कडी वाजली. "मामा! तुम्ही इतक्या लवकर?" हे त्रिंबकरावांचं बोलणं, आणि त्यावर मामांचा अंबडला ऐकू जाणारा आवाज:

"आज इनायकी हाय, येड्या! इनायकीला चंद्राचं काय काम? संकष्टीला बघत्यात चंद्र."

त्रिंबकरावांनी गणपतीचं चित्र बरोबर पाहिलं होतं, फक्त चंद्रोदय पुढच्या पंधरवड्याच्या चौकोनातला वाचला होता.

"आता भोकरदन," हेडफोनमधून सर म्हणाले. "आशाताई, माइक सुरू करा. हां. येतोय आवाज, छान येतोय. आज रेल्वे नाही ना?"

"नाही, सर," आशाबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पुण्यापर्यंत पोचलेलं हे त्यांचं पहिलं पूर्ण उत्तर.

दार उघडलं. मामा आत आले. एका हातात प्रसादाची पुडी, दुसऱ्या हातात चपला. मागे दाराच्या चौकटीत त्रिंबकराव दोन्ही हात जोडून उभे होते. देवाला की मामांना ते समजत नव्हतं.

"झाली बुवा चतुर्थी," मामा म्हणाले. "लई गर्दी! सूनबाई, इथं काय मांडून राह्यलीस? बस, बस, माझी काय अडचण न्हाई." त्यांनी टीव्हीचं बटण दाबून पाहिलं, तो लागला नाही, तेव्हा खाली वाकून पिन शोधली आणि लावली. मालिकेतलं गाणं सुरू झालं. मग ते गादीवर बसले. "पोचलो म्हणून पुंजारामला सांगतो जरा," असं म्हणत त्यांनी फोन उशीकडे ओढला. वायर ताणली गेली. वायर आखूड होती. मामांचा हात सवयीने पांढऱ्या डबीकडे गेला.

"तर तुमचा प्रसंग असा," सर सांगत होते. "तुम्ही वर्गावर आहात. एक विद्यार्थी मनाने चांगला आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही, पण त्याच्यामुळे वर्ग चालत नाही. बरेच दिवस तुम्ही त्याला काही बोललेला नाहीत. आज बोलायचं आहे. रागवायचं नाही, टोमणा मारायचा नाही, माफी मागायची नाही. एकच वाक्य, सरळ. वेळ घ्या."

आशाबाईंना वेळ नको होता. वाक्य अंगारकीपासून तयार होतं. त्यांनी तिसऱ्या दिव्याकडे पाहिलं. तो लागलेला होता. त्यांनी खुर्ची मागे वळवली, माइक तोंडापाशी धरला होता तसाच ठेवला, आणि सांगलीला, अकोल्याला, पुण्याला आणि गादीवरच्या मामांना सारखंच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"मामा, चतुर्थी झाली, उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही तुमच्या घरी जायचं, ही खोली मला अभ्यासाला पाहिजे."